रक्त कुठं गेलं?

मुलुंडच्या बाजारातला मटणवाला आमच्या सरांना 'नलीवाले साहब' म्हणायचा. सर स्वतः अंड्यालाही हात लावत नसत. पण आठवड्यातून तीन सकाळी, सात वाजता, निळा थर्मास घेऊन ते त्याच्या दुकानापुढे हजर. लोक कलेजी मागायचे, चाप मागायचे आणि हे मागायचे बोकडाच्या काळजातून निघणारी जाड पांढरी रक्तवाहिनी, जी तो एरवी मांजरांपुढे टाकायचा.

"साहब, इसका तो सूप भी नहीं बनता," तो म्हणायचा.

"मालूम है. पर ये अभी जिंदा है," सर म्हणायचे.

हे ऐकून रांगेतली एक बाई पिशवी घेऊन आल्या पावली परत गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सर थट्टा करत नव्हते. बर्फात गार केलेल्या क्षारांच्या पाण्यात ठेवली, तर ती रक्तवाहिनी पुढचे पाच-सहा तास खरंच जिवंत असते. औषध दिलं की आखडते, दुसरं दिलं की सैल पडते. बोकड केव्हाच कोणाच्या तरी रश्श्यात गेलेला असतो आणि हिला अजून त्याची खबरच नाही. मुलुंडच्या एका फार्मसी कॉलेजात सर औषधशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांची लॅब असिस्टंट होते. भांडी धुवायची, सोल्यूशन बनवायचं, वाहिनी आखडली की जिच्यावर रेघ उमटते ती काजळी फिरत्या ड्रमवरच्या कागदाला धरायची आणि बोकडाची ती वाहिनी कापून पट्ट्या करायच्या, ही माझी कामं. पहिल्याच महिन्यात मी आईला सांगितलं होतं, "हा माणूस येडा आहे, मी नोकरी सोडते." आई म्हणाली, "पगार येळेर येता मां? मगे ऱ्हवांदे." राहिले.

सरांची एक खोड सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. भेटेल त्याला "हात दाखवा" म्हणायचे. बोटांना स्वतःच्या बोटांची टोकं लावायची, नखांकडे बघायचं आणि विचारायचं, "हात गार आहेत. रक्त कुठं गेलं?" प्रिन्सिपॉलना विचारलंय, परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना विचारलंय, कुरिअरवाल्याला तर गेटवर उभं करून विचारलंय. समोरचा 'एसी आहे ना सर' असं काही म्हणाला तर सर खूश. "एसी बाहेर आहे. आतमध्ये कोणी काय केलं ते सांगा!" आमच्या वॉचमनच्या बायकोला वाटलं, सर हात बघून भविष्य सांगतात. ती एकदा नारळ घेऊन आली आणि मुलीचं लग्न कधी जमेल म्हणून विचारायला लागली. सरांनी हात बघितला आणि म्हणाले, "लग्नाचं माहीत नाही, पण तुमचं रक्त कमी आहे. तपासून घ्या." तपासलं तर खरंच कमी निघालं. त्यानंतर वॉचमनची अख्खी गल्ली नारळ घेऊन यायला लागली आणि महिनाभर आम्ही स्टाफरूममध्ये खोबऱ्याची चटणी खाल्ली.

दुसरी खोड म्हणजे 'नळी' या शब्दाचा राग. मटणवाल्याला ते माफ करायचे, विद्यार्थ्यांना नाही. पेपरात कोणी 'रक्तवाहिनी ही एक नळी असते' असं लिहिलं की त्यावर लाल फुली. वर्गात पुढच्या बाकावरच्या पोराला उभं करायचे, स्वतःची मूठ पुढे धरायचे आणि म्हणायचे, "घाल बोट." त्याने बोट घातलं की मूठ हळूहळू आवळायची, मग सोडायची, मग पुन्हा आवळायची. "नळी असं करते? तुमच्या घरचा नळ असं करतो? ही मूठ आहे रे बाबांनो. चोवीस तास थोडी आवळलेली, थोडी सैल. किती आवळायची त्यावर तुमचं ब्लडप्रेशर." त्यांच्या सोसायटीतल्या प्लंबरलाही त्यांनी हे समजावलं होतं म्हणे. प्लंबर शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, वॉशर बदलायचा की नाही ते सांगा."

ही मूठ आवळतं कोण, हा सरांच्या आयुष्याचा प्रश्न. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात आणि त्या स्नायूंच्या पेशींना दारं असतात, इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. बाहेर कॅल्शियम खच्चून भरलेलं, आत जवळजवळ नाहीच. पेशीला इशारा मिळाला की दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि स्नायू आवळतो. "म्हणजे गंमत बघा," सर टाळी वाजवून म्हणायचे, "इथे दार उघडलं की वाट अरुंद होते!" हे वाक्य मी वर्षातून चाळीस वेळा ऐकायचे आणि दर वेळी सरांचा चेहरा असा, की जणू आजच कळलंय. मी तिकडे बीकर घासत मनात म्हणायचे, चला, झालं यांचं दार सुरू.

कॅल्शियमबद्दल सरांचा माझ्यासाठी एकच नियम होता. पट्टी ज्या पाण्यात टांगायची त्यात सहा-सात क्षार पडतात. पण कॅल्शियम सगळ्यात शेवटी, पाण्यातून सिलिंडरचा गॅस नीट बुडबुडल्यावर. आधी टाकलं तर पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि सगळं फुकट. "कॅल्शियम म्हणजे नवरदेव," सर सांगायचे, "वऱ्हाड जमल्याशिवाय मांडवात आणायचा नाही." नियम बरोबर होता, पण एक धोका होता. जे शेवटी टाकायचं ते विसरायला फार सोपं.

त्या वर्षी माझ्या आईच्या छातीत दुखायला लागलं होतं.

आम्ही दोघी नाहूरला राहतो. बाबा गिरणीत होते, ते गेल्यावर आईने घरगुती घावन-चटणीच्या ऑर्डरी घेऊन मला शिकवलं. झोपडपट्टीच्या जागी बिल्डिंग झाली, तिथे सहावा माळा मिळाला. बाई काटक. पण पहाटे पाणी भरायला उठली की छातीवर मूठ धरून भिंतीला टेकून बसायची. "छातीत दुखता." पाच-दहा मिनिटांनी आपोआप थांबायचं. मग दिवसभर ठणठणीत. मी सुट्टी काढून तिला हार्टच्या डॉक्टरकडे नेलं. ईसीजी नॉर्मल. ट्रेडमिलवर बाई अशी चालली की तिथला टेक्निशियन बघत राहिला. शेवटी अँजिओग्राफीही केली. रक्तवाहिन्या साफ, कुठे अडथळा नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट एकदम चांगलं आहे, टेन्शन घेऊ नका. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी धडधड कमी करायची एक गोळी लावून दिली. शेजारणी म्हणाल्या गॅस असेल, ओवा खा. कोणीतरी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात असं होतं गं, लक्ष वेधून घ्यायचं असतं.

दुखणं काही थांबलं नाही, उलट वाढलं. आणि मी काय केलं? एके पहाटे ती भिंतीला टेकून बसलेली असताना मी वैतागून ओरडले, "आई, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग दुखतंय कसं?"

 थोड्या वेळाने तिने उठून बादली लावली. त्यानंतर तिने दुखतंय म्हणून सांगणंच बंद केलं. मला वाटलं, बरी झाली.

नंतर एकदा तिसऱ्या वर्षाच्या बॅचचं प्रॅक्टिकल होतं. मी सोल्यूशन बनवत होते, गॅस सोडला होता, कॅल्शियम तेवढं बाकी. फोन वाजला. शेजारीण. "अगं, तुझी आई जिन्याजवळ बसलेली सापडली सकाळी. घामाने भिजलेली. आता बरी आहे, पण तुला सांगू नको म्हणत होती." मी आईशी बोलले, ती म्हणाली काय नाय, चक्कर. फोन ठेवला आणि मी तशीच सोल्यूशन घेऊन गेले. नवरदेव मांडवात आलाच नाही.

वीस पोरं बघत होती. सरांनी पट्टी टांगली, तिला स्थिरावू दिलं, पाणी दोनदा बदललं आणि मग पोटॅशियम टाकलं. पोटॅशियम टाकलं की दारं उघडतात आणि काजळीवर रेघ झरझर वर चढते. रेघ जागची हलली नाही. पुन्हा टाकलं. ढिम्म. मागून कोणीतरी "मेला बोकड" म्हणालं आणि वर्ग खिदळला. माझ्या डोक्यात तेव्हा ट्यूब पेटली. म्हटलं वाट लागली. मी पुढे जाऊन हळूच सांगितलं, "सर, कॅल्शियम राहिलं."

दुसरा कोणी असता तर सगळ्यांसमोर माझी हजामत केली असती. सरांचे डोळे चमकले. "थांबा!" ते पोरांना म्हणाले. "कोणी हलू नका. दारं सगळी उघडी आहेत, आणि बाहेर कोणीच नाही!" मग त्यांनी ड्रॉपरने कॅल्शियमचा एक थेंब सोडला. रेघ किंचित उचलली. दुसरा थेंब, आणखी थोडी. एकेका थेंबाला एकेक पायरी चढत रेघ वर गेली आणि वीस पोरं श्वास धरून बघत होती. मीही. बारा वर्षं तेच काम करत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ते खरं दिसलं.

पोरं गेल्यावर सर म्हणाले, "तुम्ही विसरत नाही. आज काय झालं? फोन कोणाचा होता?"

मी सगळं सांगितलं. अँजिओग्राफी साफ आहे, ईसीजी चांगला आहे, ट्रेडमिल चांगली आहे. सर स्टुलावर बसून ऐकत होते आणि एकेक प्रश्न विचारत होते. किती वाजता दुखतं? जिने चढताना दुखतं का? हात गार पडतात का? कोणती गोळी चालू आहे? जसजशी उत्तरं मिळत गेली तसतसे ते पुढे सरकत गेले आणि शेवटी मांडीवर हात मारून म्हणाले, "काय सुंदर प्रश्न आहे!"

माझा तोल गेला. "सर, ती माझी आई आहे. तुमचा बोकड नाही."

लॅबमध्ये नुसता गॅसचा बुडबुड आवाज. सर उठले, त्यांनी सिलिंडर बंद केला. मग म्हणाले, "बोकडाला विचारता येत नाही हो. त्यांना विचारता येतं. मी येऊ का घरी?"

रविवारी आले. हातात लाल थर्मास होता, चहाचा. निळा बोकडाचा. आईने दार उघडलं तर यांचं पहिलं वाक्य, "हात दाखवा." मला वाटलं, जमीन फाटावी. आईने मुकाट हात पुढे केला. मग दोन तास दोघं बसले. सरांनी तिला जेवढे प्रश्न विचारले तेवढे सगळ्या डॉक्टरांनी मिळून विचारले नव्हते. आधी काय होतं, मग काय होतं, कुठून सुरू होतं. आई आधी माझ्याकडे बघत तुटक बोलत होती. मग सरांनी विचारलं, "नेमकं कसं दुखतं? टोचतं? जळतं?"

"नाय ओ," आई म्हणाली. "कोणतरी असा करता." आणि तिने छातीवर मूठ धरली. ती मूठ हळूहळू आवळली. बोटं पांढरी होईपर्यंत आवळली. मग तशीच हळूहळू सोडली.

सर त्या मुठीकडे बघत राहिले. मीही.

रोज कॉलेजात एक माणूस मूठ आवळून-सोडून दाखवायचा आणि मी त्याची भांडी घासायचे. आणि घरी माझी आई आठ महिने तीच मूठ मला दाखवत होती. मी बघितली नाही. मी रिपोर्ट बघत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि ती अजून गेलेली नाही.

"रिपोर्ट खोटा नाही," सर मला म्हणाले. "अँजिओग्राफी दुपारी झाली. दुपारी मूठ सैल होती. अडथळा नाही हे बरोबर, पण वाट आवळत नाही हे कोणी बघितलंय? पहाटे बघायला हवं." धडधडीच्या गोळीचं पाकीट ते उलटसुलट करून बघत होते. मी म्हटलं, मग ही गोळी बंद करू का? सर एकदम कडक झाले. "मी बोकडाचा माणूस आहे. तुमच्या आईची गोळी मी बदलणार नाही आणि तुम्हीही नाही. डॉक्टरांना सांगू, पण आपण सांगून ते का ऐकतील? त्यांना वेळा दाखवायला हव्यात." मग आईकडे वळून म्हणाले, "वेळ लिहा. दुखलं तर वेळ लिहा. आणि दुखलं नाही तेही लिहा. ते जास्त महत्त्वाचं. आणि थांबलं नाही, वाढलं, तर लिहीत बसू नका, सरळ हिला उठवा आणि हॉस्पिटल गाठा."

आई चौथी शिकलेली. वही तिला परकी. पण आमच्याकडे स्वयंपाकघरात कॅलेंडर असतं आणि त्यावर ती दुधाचे खाडे मांडते. त्याच चौकोनांत तिने दुखण्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली. दूध आलं नाही तिथे फुली, दुखलं तिथे वेळ. सव्वाचार. चार पन्नास. पाच. रोज संध्याकाळी सर मला विचारायचे, "आज काय लिहिलं?" आणि मी फोटो दाखवायचे. एके दिवशी लिफ्ट बंद पडली होती, त्या चौकोनात लिहिलेलं, 'सहा माळे दोनदा चढलय. काय नाय.' ते वाचून सर खुर्चीतून उठले. "तुमची आई माझ्या सगळ्या एमफार्मच्या पोरांपेक्षा हुशार आहे," म्हणाले. मी ते घरी जाऊन सांगितलं, तर आई लाजली.

तीन आठवड्यांनी आम्ही कॅलेंडर गुंडाळून हार्टच्या डॉक्टरकडे गेलो. सर बाहेर बाकावर बसले, आत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "हे काय?"

"दूद आणि दुखणा," आई म्हणाली.

डॉक्टर आधी हसले. मग बोटाने चौकोन वाचत गेले आणि हसू ओसरलं. नऊ वेळा दुखलेलं, नऊच्या नऊ वेळा पहाटे चार ते साडेपाच. दिवसा एकदाही नाही. चढताना एकदाही नाही.  मग त्यांनी आईला दोन दिवस ईसीजीचं छोटं मशीन अंगाला बांधून दिलं. पहिल्या पहाटे काही झालं नाही आणि मी देवाला हात जोडून सांगत होते, दुखू दे रे बाबा, एकदा दुखू दे. स्वतःच्या आईसाठी असं मागणारी मीच असेन. दुसऱ्या पहाटे चार पन्नासला दुखलं. मशीनवर रेघ वर चढली आणि सहा मिनिटांनी खाली आली, अगदी आमच्या काजळीवर यायची तशी. हृदयाची रक्तवाहिनी आवळत होती. अडथळा कुठेच नव्हता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, अशात कधी कधी जीवही जातो. धडधडीची गोळी त्यांनी बदलली, म्हणाले, या दुखण्यात तिचा उलटा परिणामही होऊ शकतो. आणि कॅल्शियमची दारं आवरणारी गोळी लिहून दिली.

आईला तीच पटेना. "कॅल्शियम अडवणारी गोळी? मगे माझ्या हाडांचा काय?" शेजारच्या दोघींनीही तेच डोक्यात भरवलं. दोन दिवस गोळी तशीच पाकिटात. पुन्हा सर आले. त्यांनी आमच्या दाराची साखळी लावली आणि दार जेमतेम चार बोटं उघडून दाखवलं. "ही गोळी म्हणजे ही साखळी. दार बंद करत नाही, नुसतं धाडकन उघडू देत नाही. हाडांचं कॅल्शियम दुसरीकडे, त्याला धक्का नाही." आईने स्वतः उठून साखळी काढली, लावली, पुन्हा काढली. मग पाण्याचा ग्लास आणायला सांगितला.

कॅलेंडरवर त्यानंतर दोन वेळा लिहिल्या गेल्या. मग नुसत्या दुधाच्या फुल्या.

पण पहाटेच का, हे मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "थोडं माहीत आहे. पूर्ण कोणालाच माहीत नाही. मलाही नाही." आणि हे सांगताना पुन्हा तसेच खूश. या वेळी मला राग आला नाही.

गेल्या वर्षी सर रिटायर झाले. आता प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवर होतं, माऊस दाबला की रेघ चढते, बोकडाची गरज नाही आणि कॅल्शियम विसरायची सोयही नाही. निरोपसमारंभाच्याच आठवड्यात आमच्या लॅबचे ओटे फोडायला माणसं आली. समारंभ वर हॉलमध्ये. आईने हट्टाने यायचं ठरवलं, घावन आणि चटणीचा डबा घेऊन. भाषणं झाली. सरांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि अडकले. खालून हातोड्याचा आवाज येत होता. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि बसले. पहिल्यांदाच बघितलं मी, या माणसाला विचारायला काही सुचत नव्हतं.

माणसं पांगल्यावर आई पुढे गेली. डबा टेबलावर ठेवला आणि सरांचा हात हातात घेतला, नखं बघितली.

"हात थंड पडलेत, सर," ती म्हणाली. "रगात खंय गेला?"

सर हसले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दारं उघडली सगळी," ते म्हणाले. "भीती वाटते हो. उद्यापासून सकाळी सात वाजता मी कुठं जाऊ?"

 आई खुर्ची ओढून बसली, त्यांचा हात स्वतःच्या दोन हातांत धरला आणि चोळायला लागली. तव्यावर घावन घालणारे तिचे हात कायम गरम. मी बाजूला उभी राहून बघत होते. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बगतस काय गो?" ती म्हणाली. "टायम लिव."